गाठोडं कोणी बांधलं?

एप्रिल २०२०. लॉकडाऊनचा तिसरा-चौथा आठवडा असेल. सांगलीहून आत्याचा फोन आला. आत्या निवृत्त शिक्षिका. तिचं एक वाचक मंडळ आहे, नऊ बायकांचं. दर गुरुवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, एक पुस्तक, पोहे-चहा आणि भरपूर गप्पा, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तो करोनाने मोडला होता.

"अरे, तू काँप्युटरवाला ना? मग आमचं मंडळ भरेल असं काहीतरी कर की."

मलाही शनिवार-रविवार खायला उठले होतेच. एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर डेबियन लिनक्स टाकलं आणि 'जित्सी मीट' चढवलं. जित्सी म्हणजे मुक्त स्रोत व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचं सॉफ्टवेअर. कसं चढवायचं याच्या मोजून चार-पाच ओळी होत्या. त्या टर्मिनलमध्ये चिकटवल्या, आणि वीस मिनिटांत सगळं तय्यार! गुरुवारी पाच वाजता नऊ चौकटी उघडल्या. त्यातल्या दोनांत चेहऱ्याऐवजी छताचा पंखा दिसत होता, पण ते चालायचंच.

मंडळ संपल्यावर आत्याने एक प्रश्न विचारला. "हे कोणाचं आहे रे? म्हणजे आमचं बोलणं कोणाच्या घरातून जातं?"

"कोणाच्याच नाही, आत्या. आपलाच सर्व्हर आहे." मी मोठ्या रुबाबात सांगून टाकलं.

रात्री त्या चार-पाच ओळी पुन्हा वाचल्या आणि रुबाब जरा उतरला. त्यातली एक ओळ म्हणत होती, की या अमुक संकेतस्थळावरची पॅकेजेस यापुढे घेत जा. दुसरी म्हणत होती, की त्यांच्या सहीच्या किल्लीवर विश्वास ठेव. ती किल्ली डेबियनची नव्हती, जित्सीवाल्यांची होती. सर्व्हरवरची बाकी यच्चयावत गोष्ट डेबियनच्या भांडारातून आलेली, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तीच नेमकी बाहेरून!

का बरं? व्हिडिओ कॉन्फरन्सिंगसारखी गरजेची गोष्ट, तीही मुक्त स्रोत, डेबियनच्या भांडारात का नसावी? हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. त्यानंतर बरेच वीकेंड त्यात गेले. आजचा लेख त्याचाच.

आधी थोडी पायाभरणी. (जाणकारांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) लिनक्सचं 'डिस्ट्रिब्यूशन' म्हणजे नुसतं लिनक्स नव्हे. जगभरच्या लोकांनी लिहिलेली हजारो सॉफ्टवेअर्स गोळा करून, एकमेकांशी जुळवून, तपासून, गाठोडी बांधून लोकांना देणं म्हणजे डिस्ट्रिब्यूशन. डेबियन त्यातलं जुनं घराणं. इयान मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांवर पॅकेजेस होती, आणि ती बांधणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक.

गाठोडं बांधणं म्हणजे फाइली झिप करणं नव्हे. आपल्याकडे धान्य आणलं की आई किंवा आजी ते परातीत घेऊन निवडायची, आठवतंय? खडे बाजूला, किडकं बाजूला, मग डब्यात. पॅकेज बांधणारा तेच करतो. प्रत्येक फाइलचा परवाना वाचतो. १९९७ मध्ये डेबियनने मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याची लेखी कसोटी ठरवली, तिला न उतरणारी फाइल मुख्य भांडारात चालत नाही. हे सॉफ्टवेअर आणखी कुठल्या लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे ते पाहतो, आणि त्या प्रत्येक लायब्ररीचंही वेगळं गाठोडं हवं, असा आग्रह धरतो. सगळं मूळ स्रोतापासून बांधता आलं पाहिजे, आणि बांधताना इंटरनेटवरून काहीही उतरवून घ्यायचं नाही. शेवटी त्यावर सही होते, आणि पुढची काही वर्षं त्यात भोक सापडलं की बुजवायचं काम गळ्यात पडतं.

आता ही परात आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंग यांची गाठ कशी पडली ते बघू.

पहिला अंक बेल्जियममध्ये. सन २००० मध्ये डेमियन सॅन्ड्रास नावाच्या विद्यार्थ्याने शिक्षणातला प्रकल्प म्हणून 'नोम-मीटिंग' लिहायला घेतलं. त्या काळी विंडोजबरोबर मायक्रोसॉफ्टचं 'नेटमीटिंग' यायचं. ते एच.३२३ नावाच्या मानकावर चालायचं, हे मानक १९९६ चं. नोम-मीटिंगही तेच मानक बोलायचं, म्हणजे लिनक्सवाला विंडोजवाल्याशी समोरासमोर बोलू शकणार. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट!

एच.३२३ ची अवजड बाजू सांभाळायला 'ओपन-एच३२३' आणि 'पीडब्ल्यूलिब' या दोन तयार लायब्रऱ्या होत्या, ऑस्ट्रेलियातल्या प्रोग्रॅमरांनी लिहिलेल्या. इथे पहिला खडा लागला. नोम-मीटिंगचा परवाना जीपीएल, आणि या लायब्रऱ्यांचा मोझिला पब्लिक लायसन्स. दोन्ही मुक्तच, पण दोघांचं एकमेकांशी पटत नाही. जीपीएल म्हणतो की माझ्याशी जोडून वाटलेलं सगळं माझ्याच अटींवर वाटलं पाहिजे, आणि मोझिलाचा परवाना ते मान्य करत नाही. दोघंही सज्जन, पण पत्रिका जुळत नाही म्हणतात तसं. तुम्ही-आम्ही घरच्या मशीनवर ते जोडून वापरलं तर कोणी विचारायला येत नाही. पण गाठोडं बांधून जगाला वाटणाऱ्याला ते चालत नाही.

यातून निघालेला मार्ग या प्रोग्रॅमच्या परवान्यात एका परिच्छेदाच्या रूपाने होता: हा प्रोग्रॅम जीपीएलखाली आहे, पण खास सवलत म्हणून या-या लायब्रऱ्यांशी जोडून वाटायला परवानगी आहे. वापरणाऱ्यांपैकी तो परिच्छेद किती जणांनी वाचला असेल? पण तो नसता तर ते गाठोडं कायदेशीरपणे बांधताच आलं नसतं.

दुसरा खडा पेटंटचा. नेटमीटिंगचा आवाज जी.७२३.१ नावाच्या कोडेकमधून जायचा, आणि त्यावर पेटंटं होती. कोडेक म्हणजे आवाज किंवा चित्र दाबून लहान करणारी आणि पलीकडे पुन्हा फुलवणारी पद्धत. स्रोत मुक्त असून उपयोग नाही, पद्धतच कोणाच्या तरी मालकीची! यावरचा तोडगा ऐकून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. क्विकनेट नावाच्या कंपनीची कार्डं मिळायची, ती संगणकात खोचायची. तो कोडेक कार्डाच्या चिपमध्येच असायचा, आणि नोम-मीटिंगला ती कार्डं वापरता यायची. सॉफ्टवेअरच्या परातीत जे चालत नाही ते लोखंडातून आणायचं! बाकी लोक जीएसएम आणि पुढे स्पीक्स अशा मोकळ्या कोडेकवर भागवायचे.

२००६ च्या मार्चमध्ये नोम-मीटिंगचं नाव बदलून 'एकिगा' झालं आणि त्याला एसआयपी हे नवं मानकही बोलता येऊ लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या उबुंटू ६.०६ मध्ये ते डीफॉल्ट म्हणून होतं. उबुंटूच्या सीड्या तेव्हा मागितल्या की पोस्टाने फुकट घरी यायच्या. माझ्या ऑफिसातला एक सीनियर सांगतो, की त्यांच्या हॉस्टेलमध्ये असा अख्खा गठ्ठा आला होता आणि उरलेल्या सीड्या चहाच्या कपाखाली ठेवायला वापरल्या गेल्या! म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचं मुक्त सॉफ्टवेअर, निवडून-टिपून, सही करून, आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांपर्यंत पोस्टमनच्या हातून पोचलं होतं. गाठोडं म्हणून याहून चांगलं काय हवं?

पण फोन करायचा कोणाला? बाकी जग २००३ पासून स्काइपवर होतं. एकिगाला घरच्या राउटरच्या पलीकडे जाताना धाप लागायची, स्काइप मात्र कुठूनही वाट काढायचं. ऑक्टोबर २००९ च्या उबुंटू ९.१० मध्ये एकिगाची डीफॉल्टची जागा 'एम्पथी'ने घेतली. एकिगाची शेवटची मोठी आवृत्ती ४.० ही २०१२ ची.

पहिल्या अंकाचं तात्पर्य मी असं काढलं: गाठोडं उत्तम बांधलं म्हणून ते सॉफ्टवेअर लोक वापरतीलच असं नाही. हे आधी कबूल करून टाकतो, कारण पुढे मी गाठोडं बांधणाऱ्यांची बरीच बाजू घेणार आहे.

दुसरा अंक पूर्णच पेटंटांचा. २००३ मध्ये एच.२६४ हे व्हिडिओचं मानक आलं आणि काही वर्षांत सगळीकडे तेच झालं. फोनमध्ये तेच, कॅमेऱ्यात तेच. चांगलं होतं, पण पेटंटांनी लगडलेलं. आपल्या भारतीय पेटंट कायद्यात 'निव्वळ संगणक प्रोग्रॅम'ला पेटंट नाही असं कलम ३(के) मध्ये म्हटलं आहे, पण डिस्ट्रिब्यूशनचे सर्व्हर जगभर पसरलेले, त्यांना सगळ्या देशांचा विचार करावा लागतो. डेबियनने काही वर्षं एफएफएमपेगच्या लायब्रऱ्यांमधून कित्येक एन्कोडर कापून काढलेले होते. व्हिडिओ बघता यायचा, बनवताना हात बांधलेले. ज्यांना पूर्ण हवं ते बाहेरच्या एका भांडाराची ओळ जोडायचे. पाहिलंत? 'बाहेरची एक ओळ जोडा' हे तेव्हापासून आहे.

कोंडी फुटायला सुरुवात झाली २०१० मध्ये. गूगलने ऑन-टू ही कंपनी घेऊन तिचा व्हीपी८ कोडेक खुला केला. त्याच वर्षी ग्लोबल आयपी सोल्युशन्स ही आवाज-चित्राच्या इंजिनात मुरलेली कंपनी घेतली, आणि २०११ मध्ये ते इंजिन वेबआरटीसी म्हणून मोकळं केलं. सप्टेंबर २०१२ मध्ये ओपस हा मोकळा आवाजाचा कोडेक अधिकृत मानक झाला. आता वेगळा प्रोग्रॅमच नको, ब्राउझरच व्हिडिओ कॉल करणार! फक्त ब्राउझरने व्हीपी८ बोलायचं की एच.२६४, यावर मानकं ठरवणाऱ्या मंडळींत जुंपली. शेवटी दोन्ही सक्तीचे, असा तह झाला.

मग मोझिलाने काय करावं? फायरफॉक्स फुकट, त्यात पेटंटवालं एच.२६४ कसं घालणार? ३० ऑक्टोबर २०१३ रोजी सिस्को पुढे आली. आम्ही आमच्या एच.२६४ चा स्रोत मुक्त करतो, तो बांधून तयार बायनरी देतो, आणि त्या बायनरीचे पेटंटचे पैसेही आम्हीच भरतो! याचं नाव 'ओपन-एच२६४'. पण त्यात मेख होती. पैसे भरले ते सिस्कोने स्वतः वाटलेल्या बायनरीचे. तोच स्रोत घेऊन तुम्ही घरी बांधलात, अगदी बिट न् बिट तसाच, तरी तुमची बायनरी त्या छत्रीखाली येत नाही. स्रोत मुक्त, पण गाठोडं एकानेच द्यायचं.

फेडोरा या दुसऱ्या मोठ्या डिस्ट्रिब्यूशनने २०१६ मध्ये यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. फेडोराने आपल्या यंत्रणेत, आपल्या नियमांनी ते पॅकेज बांधायचं, त्यावर आपली सही करायची आणि मग ते सिस्कोकडे पाठवायचं. सिस्कोने ते आपल्या सर्व्हरवरून वाटायचं. तुमचं मशीन ते सिस्कोकडून उतरवतं, पण सही फेडोराची तपासतं. बांधणारा एक, देणारा दुसरा! एरवी आपण या दोन्ही गोष्टी एकच समजतो. त्या वेगळ्या करता येतात, हे त्या कोडेकने शिकवलं.

तिसरा अंक, म्हणजे माझ्या सर्व्हरवर बसलेलं जित्सी. हेही विद्यार्थ्याचंच काम. २००३ मध्ये एमिल इव्होव या बल्गेरियन विद्यार्थ्याने फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे शिकत असताना 'एसआयपी कम्युनिकेटर' सुरू केलं. २०११ मध्ये त्याचं नाव 'जित्सी' झालं. बल्गेरियन भाषेत 'जित्सी' म्हणजे तारा, वायरी.

ते लिहिलेलं जावामध्ये. २००३ मध्ये जावाच मुक्त नव्हती, म्हणजे त्यावर चालणारा मुक्त प्रोग्रॅमही डेबियनच्या मुख्य घरात येऊ शकत नव्हता, फार तर ओसरीवर. सन कंपनीने २००६ च्या नोव्हेंबरात जावा जीपीएलखाली मोकळी करायला सुरुवात केली, पुढे ओपन-जेडीके आलं, आणि २००९ च्या डेबियन ५ मध्ये ते पोचलं. तोवर जावाच्या जगाला वेगळीच सवय लागली होती. लागतील त्या सगळ्या लायब्रऱ्यांच्या तयार जार फाइली प्रोग्रॅमबरोबरच कोंबून द्यायच्या. डेबियन म्हणणार, प्रत्येक जार मूळ स्रोतापासून बांधून वेगळी द्या. तरीही जित्सीचा तो डेस्कटॉपचा प्रोग्रॅम काही वर्षं डेबियनच्या भांडारात होता. लोकांनी चिकाटीने तेवढे खडे वेचले होते. पुढे तो बाहेर पडला.

दरम्यान जित्सीची मंडळी दुसरीकडेच निघाली होती. २०१३ मध्ये त्यांनी 'व्हिडिओब्रिज' आणलं आणि त्यावर 'जित्सी मीट' उभं केलं. समजा, दहा जणांची मीटिंग आहे. प्रत्येकाने प्रत्येकाला थेट चित्र पाठवायचं म्हटलं, तर प्रत्येकाला नऊ वेळा अपलोड करावं लागेल. घरगुती ब्रॉडबँडचं कंबरडंच मोडेल. मधल्या सर्व्हरने सगळी चित्रं उलगडून, एकत्र कालवून, पुन्हा दाबून पाठवायची म्हटलं, तर सर्व्हर मरतो. व्हिडिओब्रिज यातलं काहीच करत नाही. तुम्ही एकदाच पाठवा, मी बाकीच्यांकडे नुसतं पुढे ढकलतो. पोस्टमनसारखं. त्यामुळेच माझ्या त्या फुटकळ सर्व्हरवर आत्याच्या नऊ मैत्रिणी मावल्या.

पण या जित्सी मीटची परात मांडून बसलं तर काय काय निघतं? एक एनजिन्क्स, एक प्रोसोडी हा चॅट सर्व्हर. ही दोन्ही गाठोडी डेबियनचीच. जावा आणि कॉटलिनमधले व्हिडिओब्रिज आणि जिकोफो. आणि ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा डोंगर. मी एका शनिवारी गंमत म्हणून डेबियनचा नियम पाळून बघितला. वेबचा स्रोत उतरवला, नेट बंद केलं आणि बांधायला घेतलं. पहिल्याच पायरीवर आपटलं. नेट चालू करून पुन्हा सुरू केलं, तर एनपीएमने इतके फोल्डर उतरवले की मोजता मोजता मी चहा करायला उठलो. त्यातल्या काही लायब्रऱ्या तर जित्सीवाल्यांनी स्वतःसाठी बदलून घेतलेल्या. डेबियनच्या रीतीने यातल्या प्रत्येकीचा परवाना वाचायचा, प्रत्येकीचं गाठोडं बांधायचं, आणि प्रत्येकीच्या पुढच्या दुरुस्त्या सांभाळायच्या. स्वयंसेवकांनी, रविवारी!

म्हणून जित्सीवाले स्वतःच गाठोडं बांधतात. आणि ते चांगलं बांधतात हो! रीतसर डेबियनच्या पद्धतीचं पॅकेज, चढवताना तुमच्या सर्व्हरचं नाव विचारतं, बाकीची जुळवाजुळव आपली आपण करतं. फक्त ते परातीतून गेलेलं नसतं.

एकटं जित्सीच असं आहे असंही नाही. शाळा-कॉलेजांसाठीचं बिगब्लूबटन हे कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये जन्मलं. तेही स्वतःच्या भांडारातूनच मिळतं. शिवाय त्याला उबुंटूची ठरावीकच आवृत्ती लागते. एप्रिल २०२० मध्ये करकरीत उबुंटू २०.०४ बाहेर आलं, आणि शाळांसाठी बिगब्लूबटन २.२ चढवू पाहणारे मात्र चार वर्षं जुनं उबुंटू १६.०४ शोधत होते. दुसऱ्या कशावर ते बसतच नव्हतं.

आणि या अंकाचा कळस. डेबियनवाल्यांचं दरवर्षीचं संमेलन असतं, डेबकॉन्फ. २०२० चं इस्राएलमधल्या हैफा इथे होणार होतं, ते करोनामुळे ऑगस्टमध्ये ऑनलाइन झालं. त्यांच्या व्हिडिओच्या चमूने सगळं मुक्त सॉफ्टवेअरवरच उभं केलं, आणि त्यात जित्सी होतं! म्हणजे डेबियनचं स्वतःचं संमेलन ज्यावर भरलं, ते डेबियनच्या भांडारात नव्हतं. हे वाचून मला आधी हसू आलं, मग जरा बरंही वाटलं. त्यांनाही जमलं नाही, तर आपण कोण!

मग चूक कोणाची? बरेच दिवस मला वाटायचं की डेबियन सोवळं फार पाळतं. जित्सीवाल्यांची बाजू खोटी नाही. क्रोम दर काही आठवड्यांनी बदलतं. २०२१-२२ मध्ये क्रोमने 'प्लॅन बी' नावाची व्हिडिओ जुळवणीची जुनी पद्धत काढून टाकली. समजा, २०१९ चं जित्सी डेबियन १० मध्ये गोठवून ठेवलं असतं, तर २०२२ च्या क्रोमपुढे ते अडखळलं असतं. पुराणवस्तू सही करून देण्यात काय अर्थ? खुद्द डेबियनही ब्राउझरच्या बाबतीत नियम सैल करून नव्या आवृत्त्या देतंच.

पण मग डिसेंबर २०२१ आला. लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत भलंमोठं भोक सापडलं. आमच्या ऑफिसात तो आठवडा कोणीच विसरणार नाही. डेबियनमध्ये ती लायब्ररी एकाच गाठोड्यात होती. त्यांनी ते एक दुरुस्त करून सोडलं, की त्यावर अवलंबून असलेले सगळे सुटले. आम्ही मात्र कुठल्या प्रोग्रॅमच्या पोटात कुठली जार दडली आहे हे रात्री दोन-दोनपर्यंत शोधत बसलो होतो. सोवळं कशासाठी होतं, ते तेव्हा कळलं.

आणि समतोल म्हणून हेही सांगतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत मूळ प्रकल्पातूनच घुसवलेलं चोरदार सापडलं. ते डेबियनच्या परातीतूनही सुटलं, चाचणीच्या शाखांपर्यंत पोचलं होतं. स्थिर शाखेत मात्र पोचलं नव्हतं, कारण तिथे सगळं सावकाश येतं. निवडणाऱ्याची नजर चुकते. कधी कधी नुसती सावकाशीच वाचवते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आत्याचा प्रश्न होता, बोलणं कोणाच्या घरातून जातं? जित्सीमध्ये चित्र आणि आवाज तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत कुलूपबंद जातो, पण सर्व्हरवर ते कुलूप उघडतं आणि पुढच्या टप्प्यासाठी नवं लागतं. टोकापासून टोकापर्यंत बंद ठेवायची सोय २०२० पासून आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. म्हणजे ज्याच्या हातात सर्व्हर, त्याच्या हातात बोलणं. आणि पॅकेज चढवताना त्याच्या सूचना सर्वाधिकारी रूट म्हणून चालतात. मी त्या किल्लीवर विश्वास ठेवला तो एकदा नव्हे, यापुढच्या प्रत्येक अपडेटसाठी. शिवाय २०२० मध्ये किल्ली जोडायची सर्रास पद्धत अशी होती, की ती सगळ्याच भांडारांसाठी ग्राह्य धरली जायची. 'ही किल्ली फक्त या भांडारापुरती' असं बंधन घालायची रीत नंतर रुळली.

बरं, किल्ली कोणाची? जित्सी चालवणारी छोटी कंपनी २०१५ मध्ये ॲटलासियनने घेतली. २०१८ मध्ये ॲटलासियनने जित्सी 'एट-बाय-एट' या कंपनीला विकलं. टीम बरीचशी तीच, काम चोख, तक्रार काहीच नाही. पण ज्याने २०१४ मध्ये ते भांडार जोडलं असेल, त्याच्या सर्व्हरची वाट चार वर्षांत दोनदा दुसऱ्या मालकाच्या अंगणातून गेली, आणि त्याला एक बटणही दाबावं लागलं नाही! २०२३ च्या ऑगस्टपासून जित्सीच्या स्वतःच्या फुकट संकेतस्थळावर खोली उघडायला गूगल, फेसबुक किंवा गिटहबचं खातं लागू लागलं. गैरवापर थांबवायला त्यांना ते करावं लागलं. मुद्दा एवढाच, की ज्यांना खातं नको त्यांना स्वतःचा सर्व्हर हाच रस्ता, आणि तो रस्ता गाठोड्यावरूनच जातो.

काही जण मधली वाट काढतात. निक्सओएस हे डिस्ट्रिब्यूशन व्हिडिओब्रिज आणि जिकोफोसाठी जित्सीवाल्यांचंच डेबियन गाठोडं सोडतं आणि आपल्या पद्धतीने पुन्हा बांधतं. यात काय मिळालं, असं मला वाटायचं. २०२४ मध्ये उत्तर मिळालं. ओल्म नावाची कुलूपबंदीची एक लायब्ररी तिच्या कर्त्यांनी निवृत्त केली. निक्सओएसने ती असुरक्षित ठरवली आणि तिच्यावर अवलंबून असलेलं जित्सी मीटही अडवलं. 'धोका कळतो आहे, तरीही हवं' असं लिहून दिल्याशिवाय चढणार नाही! परात पूर्ण नव्हती, पण दारात कोणीतरी बसलेलं होतं.

गाठोडं बांधणाऱ्याचं खरं काम हेच, असं आता मला वाटतं. कोडेक, परवाने, जार, एनपीएम ही सगळी निमित्तं. सॉफ्टवेअर लिहिणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असावा, ज्याला दोघांकडूनही काही विकायचं नाही. डेबियनमध्ये शिरताना तुमच्या किल्लीवर आधीच्या सभासदांची सही लागते, आणि ती सही तुम्हाला प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र बघून देण्याचा प्रघात आहे. इतक्या मोठ्या तांत्रिक डोलाऱ्याच्या बुडाशी 'मी या माणसाला भेटलोय' एवढंच आहे.

मंडळ आता पुन्हा घरोघरी भरतं. पण दोघी मुलांकडे राहायला गेल्या, एक पुण्याला आणि एक ह्यूस्टनला, त्यामुळे महिन्यातून एक गुरुवार जित्सीवरच असतो. गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो, तेव्हा आत्याला जुन्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. म्हटलं, "तेव्हा मी खोटं बोललो. आपलं बोलणं तीन घरांतून जातं. जागा भाड्याने देणाऱ्याच्या, डेबियनवाल्यांच्या आणि जित्सीवाल्यांच्या."

आत्याने चकली पुढे सरकवत विचारलं, "ओळखीची आहेत का तरी?"

"दोन घरांची माहिती काढलीय, आत्या. तिसऱ्याची काढतोय."

असो. तुमच्यापैकी कोणी असा सर्व्हर चालवत असेल, तर आज घरी गेल्यावर एकदा आपल्या भांडारांची यादी उघडून बघा. त्यातली प्रत्येक ओळ कोणाच्या घरातून येते ते सांगता येतं का? मला पहिल्यांदा दोन ओळींचं सांगता आलं नव्हतं. त्यातली एक मी स्वतःच कधीतरी रात्री एक वाजता चिकटवली होती, आणि कशासाठी ते आजही आठवत नाही. ती काढून टाकली.